खिशातला प्लेअर गाडीच्या टेपवर कसा वाजवावा?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

लग्नसराई आणि देवदर्शनाचे प्रवास जवळ आले की गाडीतील टेपविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांतील अडचण साधारण सारखीच आहे : वर्षानुवर्षे जमवलेली गाणी, कीर्तने किंवा कव्वाल्या एखाद्या लहानशा प्लेअरमध्ये भरून ठेवलेल्या आहेत आणि त्या गाडीच्या स्पीकरवर ऐकायच्या आहेत. जे प्लेअरऐवजी मोबाइल वापरतात, त्यांनाही पुढील बहुतेक मजकूर लागू पडेल. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी गाडी २००३ सालची असून तिच्यात कॅसेटचा टेप आणि रेडिओ आहे. मुलाने माझ्या जुन्या कॅसेटमधील कीर्तने आणि भजने आयपॉड क्लासिक या प्लेअरमध्ये भरून दिली. आता कार डेकोरच्या दुकानात सांगतात की हा टेप काढून स्क्रीनवाला नवा बसवा, दुसरा इलाज नाही. खरोखरच इलाज नाही काय?
— एक निवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : इलाज आहे आणि तो नव्या स्क्रीनच्या तुलनेत फारच स्वस्त आहे. आपल्या टेपमध्ये कॅसेट अजून फिरत असेल, तर कॅसेट ॲडॉप्टर घ्यावा. दिसायला ती साधी कॅसेटच असते. मात्र तिच्यात फीत नसते आणि एका कडेने बारीक वायर बाहेर येऊन तिच्या टोकाला इअरफोनची पिन असते. ती पिन प्लेअरच्या इअरफोनच्या भोकात लावावयाची आणि कॅसेट नेहमीप्रमाणे टेपमध्ये सरकवावयाची. टेपचे हेड एरवी फितीवरील चुंबकीय खुणा वाचत असते. ॲडॉप्टरमध्ये नेमके त्या हेडसमोर येईल असे दुसरे हेड बसवलेले असते आणि प्लेअरकडून आलेल्या विद्युत संकेतानुसार ते तसेच चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्यामुळे समोर फीत नाही हे टेपला कळतच नाही. यात रेडिओलहरींचा संबंध नसल्यामुळे बाहेरच्या कोणत्याही केंद्राचा व्यत्यय येत नाही. उंच पट्टीतील झांजांचा किंवा टाळांचा आवाज किंचित बोथट वाटतो, परंतु मूळ ध्वनिमुद्रण कॅसेटवरचेच असल्यामुळे आपल्याला तो फरक जाणवण्याची शक्यता कमी आहे.

ॲडॉप्टर लावल्यावर काही अडचणी येतात आणि त्यांना घाबरून अनेकजण तो परत करतात. आवाज फार बारीक किंवा दबलेला येत असेल, तर टेप दुसरी बाजू वाचत आहे असे समजावे आणि बाजू बदलण्याचे बटण दाबून पाहावे. आपोआप बाजू बदलणाऱ्या टेपमध्ये हे हमखास घडते. टेप कॅसेट पुन्हा पुन्हा बाहेर ढकलत असेल किंवा सारखी बाजू बदलत असेल, तर ॲडॉप्टरमधील दातेरी चाके अडकत आहेत आणि फीत संपली असा टेपचा समज होत आहे. अशा वेळी दुसऱ्या बनावटीचा ॲडॉप्टर बहुधा चालून जातो, म्हणून दुकानातच गाडीत लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. टेपवर डॉल्बीचे, म्हणजे फितीची खरखर कमी करण्याचे, बटण असल्यास ते बंद ठेवावे, नाहीतर आवाज आणखी बोथट होतो. हेडवर वर्षानुवर्षांची काजळी साचलेली असते. ती कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसावी. वायर बाहेर काढण्यासाठी टेपच्या तोंडाशी फट आहे ना, तेही पाहावे. काही टेपना दार असते आणि ते वायरीवर घट्ट मिटून काही दिवसांत वायर तोडते.

प्लेअरचा आवाज किती ठेवावा हा प्रश्न पुढच्या सर्वच पद्धतींत येणार आहे, म्हणून येथेच सांगून ठेवतो. इअरफोनच्या भोकातून आवाज घेताना प्लेअर साधारण तीन चतुर्थांश आवाजावर ठेवावा आणि उरलेली वाढ टेपच्या बटणाने करावी. प्लेअर अगदी बारीक ठेवून टेप मोठा केला, तर गाण्याबरोबर टेपची स्वतःची खरखरही मोठी होते. उलट प्लेअर शेवटच्या टोकाला नेला, तर गवयाचा चढा स्वर फाटतो आणि हा फाटलेला स्वर टेपचा आवाज कमी करूनही दुरुस्त होत नाही.

आता टेप मुळात बंदच असेल, तर गोष्ट वेगळी. जुन्या टेपमधील रबरी बेल्ट सैल होतो किंवा चिकट होऊन वितळतो आणि तो बदलून देणारा कारागीर आता शोधावा लागतो. तो न मिळाल्यास नवा टेप घ्यावा, पण स्क्रीनवालाच घ्यावा असे नाही. आपल्या गाडीच्या काळातील बहुतेक गाड्यांमध्ये टेपची खाच १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, म्हणजे सिंगल डिन मापाची असते. त्याच मापाचे, यूएसबी, ऑक्स (प्लेअरची केबल लावावयाचे भोक) आणि ब्लूटूथ हे तिन्ही असलेले साधे टेप आजही मिळतात आणि डॅशबोर्ड न कापता त्याच खाचेत बसतात. बसवताना गाडीच्या मूळ वायरी तोडून पिळू देऊ नयेत. योग्य कपलर, म्हणजे वायरींचा तयार जोड, मागवून घ्यावा. स्पीकर चांगले असतील तर तेच राहू द्यावेत, मात्र त्यांचा विद्युत रोध नव्या टेपला चालणारा आहे ना हे पाहावे. गाडीतील स्पीकर बहुधा ४ ओहमचे असतात.

आयपॉड क्लासिकची विक्री २०१४ साली थांबली आणि आयपॉडची संपूर्ण मालिकाच २०२२ साली बंद झाली. त्यामुळे मुलाकडून त्यातील सर्व ध्वनिमुद्रणांची एक प्रत संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर अवश्य करून घ्यावी. गाडी पुन्हा विकत मिळते. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या सप्ताहात मुद्रित केलेले कीर्तन मिळत नाही.

प्रश्न : लायटरमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर घेतला आहे. लातुरात आवाज चांगला येतो. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा मार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाताना मात्र मध्येच खरखर सुरू होते, बीडच्या आसपास भलतेच कोणी बोलू लागते आणि पुढे काही वेळ पुन्हा ठीक होते. यंत्र खराब आहे का?
— एक औषध विक्री प्रतिनिधी, लातूर

उत्तर : यंत्र बहुधा खराब नाही, या पद्धतीची मर्यादाच आपल्या अनुभवाला येत आहे. एफएम ट्रान्समीटर म्हणजे काही फुटांपर्यंतच पोहोचणारे एक लहानसे रेडिओ केंद्र होय. ते आपल्या प्लेअरमधील गाणे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील एका आकड्यावर प्रसारित करते आणि गाडीचा रेडिओ तोच आकडा लावून ते पकडतो. एफएमचा स्वभाव असा आहे की एकाच आकड्यावर दोन केंद्रांच्या लहरी आल्या, तर रेडिओ त्यांपैकी बलवान असेल ती धरतो आणि दुसरीला दाबून टाकतो. लातुरात जो आकडा मोकळा आहे, तोच बीडला किंवा संभाजीनगरला एखाद्या केंद्राचा किंवा त्याच्या लगतचा असू शकतो. त्या केंद्राचा मनोरा किलोवॅटच्या हिशेबात बोलतो आणि आपले यंत्र वॅटच्या अगदी लहान अंशात. झुंज कोण जिंकणार हे उघड आहे. बालाघाटच्या डोंगररांगा चढता-उतरताना केंद्रांच्या लहरी कधी अडतात, कधी अचानक समोर येतात, म्हणून आपल्याला मध्येच ठीक आणि मध्येच बिघाड असा अनुभव येतो.

उपाय असा की प्रवासाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये बीडला, म्हणजे तिन्ही ठिकाणी, ट्रान्समीटर बंद ठेवून रेडिओ फिरवून पाहावा आणि जेथे नुसती एकसारखी सूं सूं ऐकू येते असे आकडे टिपून घ्यावेत. तिन्ही यादींत सामायिक असलेला आकडा निवडावा. त्याच्या दोन्ही बाजूंचे ०.२ मेगाहर्ट्झही मोकळे असतील तर उत्तम, कारण शेजारचे प्रबळ केंद्र आपल्या आकड्यावर सांडते. पट्ट्याच्या दोन टोकांना, म्हणजे ८८ च्या जवळ किंवा १०७ च्या पुढे, जागा मिळण्याचा संभव अधिक असतो. एवढे करून तो आकडा रेडिओच्या एका बटणावर कायम करून ठेवावा. ट्रान्समीटरचा आणि रेडिओचा आकडा तंतोतंत एकच असावा, ०.१ चा फरकही आवाज फाटण्यास पुरेसा ठरतो आणि अनेक तक्रारींचे मूळ तेवढेच असते.

दुसरी बाब एरिअलची. गाडीचे एरिअल मागच्या बाजूला छतावर असेल आणि ट्रान्समीटर पुढे गिअरजवळच्या सॉकेटमध्ये असेल, तर छताचा पत्रा दोघांच्या मध्ये येतो. सॉकेटला थोडी लांब वायर जोडून यंत्र वेगळ्या जागी ठेवल्यास कधी कधी आश्चर्यकारक फरक पडतो. याउपर समाधान झाले नाही, तर वायरने जोडावयाचा एफएम मॉड्युलेटर मागवावा. तो रेडिओच्या मागे एरिअलच्या वायरीतच बसतो आणि गाणे चालू असताना बाहेरचे एरिअल तोडून ठेवतो, त्यामुळे बाहेरच्या केंद्राला आत येण्यास वाटच उरत नाही. जुन्या टेपला ऑक्स नसेल आणि कॅसेटही चालत नसेल, तर मी ट्रान्समीटरऐवजी याचीच शिफारस करीन.

तरीही एफएमवरील आवाज १५ किलोहर्ट्झच्या वर जात नाही आणि संकेत दुबळा असेल तर शांत जागी फुसफुस ऐकू येते. चित्रपटगीतांत ती झाकली जाते. ज्या ध्वनिमुद्रणात वक्ता थांबतो, श्वास घेतो, श्रोत्यांना विचार करण्यास वेळ देतो, तेथे ती नकोशी होते. म्हणून ट्रान्समीटर हा माझ्या मते शेवटचा पर्याय आहे, पहिला नव्हे. शिवाय सिग्नलवर शेजारी उभ्या असलेल्या गाडीचा रेडिओ योगायोगाने त्याच आकड्यावर असला, तर आपली आवडनिवड त्यांनाही ऐकू जाते, याची कल्पना असावी.

प्रश्न : गाडीला ऑक्स आहे. प्लेअर ऑक्स केबलने जोडला आणि त्याच वेळी चार्जिंगला लावला की स्पीकरमधून बारीक शिटीसारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की शिटीही वर चढते. वायरमनने दोनदा केबल बदलली, उपयोग झाला नाही.
— वाचक, नांदेड

उत्तर : आपण नोंदवलेले एक लक्षण फार उपयोगाचे आहे : शिटीची पट्टी इंजिनाबरोबर चढते. याचा अर्थ तो आवाज अल्टरनेटरकडून येत आहे. अल्टरनेटर बॅटरी भरताना विद्युतदाबात बारीक तरंग सोडतो आणि इंजिन जितके वेगाने फिरेल तितके ते तरंग जलद होतात. एरवी हे तरंग स्पीकरपर्यंत पोहोचत नाहीत. परंतु प्लेअर लायटरच्या सॉकेटमधून चार्ज होत असताना त्याचे अर्थिंग एकदा चार्जरमार्फत आणि दुसऱ्यांदा ऑक्स केबलमार्फत, अशा दोन वाटांनी गाडीच्या सांगाड्याला जोडले जाते. या दोन वाटा मिळून एक वेटोळे तयार होते, त्यातून तरंगांचा प्रवाह फिरतो आणि टेप त्यालाही गाणे समजून मोठे करतो. केबल कितीही भारी आणली तरी वेटोळे तसेच राहते, म्हणून बदलून उपयोग झाला नाही.

खात्री करणे सोपे आहे. इंजिन चालू ठेवून चार्जर काढावा. शिटी तत्काळ थांबली, तर निदान पक्के. मग सर्वांत साधा उपाय म्हणजे प्लेअर घरून पूर्ण चार्ज करून न्यावा, किंवा गाडीत असताना तो पॉवर बँकेवर चार्ज करावा. ती पॉवर बँक त्या वेळी गाडीच्या सॉकेटला लावलेली नसावी, एवढेच पथ्य. गाडीतूनच चार्जिंग करावयाचे असेल, तर ऑक्स केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची लहानशी डबी बसवावी. तिच्यात डाव्या-उजव्या वाहिनीसाठी एकेक लहान ट्रान्सफॉर्मर असतो; तो गाण्याचा संकेत चुंबकीय मार्गाने पुढे पाठवतो आणि दोन अर्थिंगमधील सरळ जोड तोडतो. अगदी स्वस्त डबीत ढोलकी-पखवाजाचा खर्ज थोडा कमी होतो, म्हणून ऐकून मग घ्यावी.

चार्जर काढूनही शिटी राहिली आणि ती रेडिओ लावल्यावरही ऐकू आली, तर दोष टेपच्या स्वतःच्या अर्थिंगमध्ये शोधावा. टेपची काळी वायर रंगावर किंवा गंजावर घट्ट केलेली असते. ती जागा पॉलिशपेपरने घासून उघड्या धातूवर आवळल्यास अनेकदा काम होते. शिटीऐवजी तडतड येत असेल आणि पिन हलवल्यावर ती कमी-जास्त होत असेल, तर मात्र दोष खरोखर केबलचा किंवा ऑक्सच्या भोकाचा आहे. तसेच पिनवरील काळे पट्टे पाहावेत. दोन पट्ट्यांची पिन ही ऑक्ससाठीची साधी स्टिरिओ पिन असते. तीन पट्ट्यांची पिन माइक असलेल्या इअरफोनसाठी असते आणि ती काही गाड्यांच्या ऑक्समध्ये नीट न बसल्यामुळे आवाज पोकळ, गायकाविना केवळ वाद्ये ऐकू यावीत तसा येतो.

स्वस्त चार्जरविषयी आणखी एक. त्यातील स्विचिंगमुळे, म्हणजे वीज अतिजलद चालू-बंद होण्यामुळे, मध्यम लहरींवर घरघर येते. आमच्या भागात १३०५ किलोहर्ट्झवरील परभणी आकाशवाणी गाडीत ऐकणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांनी केंद्राला दोष देण्याआधी लायटरमधील चार्जर काढून पाहावा.

प्रश्न : नव्या गाडीला ब्लूटूथ आहे, पण माझ्या जुन्या प्लेअरला नाही. बाजारातून ब्लूटूथचे एक यंत्र आणले, ते प्लेअरला लावले, तरी गाडीशी जोडले जात नाही. भावाच्या जुन्या गाडीत तर मोबाइल जोडला जातो, फोन वाजतो, पण गाणे वाजत नाही.
— वाचक, जालना

उत्तर : आणलेले यंत्र ट्रान्समीटर आहे की रिसीव्हर, हे प्रथम पाहावे. दुकानांत बहुतेक रिसीव्हरच असतात. ते ऑक्स असलेल्या पण ब्लूटूथ नसलेल्या गाडीसाठी असतात : मोबाइलकडून गाणे घेतात आणि ऑक्समध्ये सोडतात. आपल्याला नेमके उलटे काम हवे आहे, म्हणजे प्लेअरच्या इअरफोनच्या भोकातून गाणे घेऊन ते गाडीकडे पाठवणारा ट्रान्समीटर. काही यंत्रांवर दोन्ही कामांसाठी एक खटका असतो, तो योग्य बाजूला आहे ना, हेही पाहावे. ट्रान्समीटरच असूनही जोडणी होत नसेल, तर गाडीच्या टेपने चार आकडी क्रमांक मागितला आहे काय ते बघावे. पडदा नसलेल्या यंत्राचा क्रमांक बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. काही गाड्यांचे टेप मात्र फक्त फोनच जोडून घेतात आणि अशा यंत्राला ओळखतच नाहीत. त्या गाड्यांत ऑक्स केबलच बरी, आणि खरे पाहता ऑक्स असेल तेथे जुन्या प्लेअरसाठी ब्लूटूथचा द्राविडी प्राणायाम करण्याचे कारणही नाही.

भावाच्या गाडीतील ब्लूटूथ केवळ फोनवर बोलण्यापुरते असावे. ब्लूटूथमध्ये बोलण्यासाठीची आणि स्टिरिओ संगीतासाठीची व्यवस्था वेगवेगळी असते. संगीतासाठी दोन्ही बाजूंना एटूडीपी असावे लागते. टेपच्या माहितीपुस्तिकेत ते लिहिलेले नसेल, तर मोबाइलमध्ये कोणतेही ॲप घालून ते येणार नाही. त्या गाडीला ऑक्स असल्यास वर सांगितलेला रिसीव्हर तेथे लावावा. आपण आणलेले यंत्र रिसीव्हर निघाले, तर ते भावालाच देऊन टाकावे.

प्रश्न : टेपला यूएसबी आहे. प्लेअर तेथे जोडला तर तो नुसता चार्ज होतो, गाणी दिसत नाहीत. पेनड्राइव्ह लावला तर गाणी वाजतात, पण क्रम भलताच येतो. ज्ञानेश्वरीच्या पारायणाचे अध्याय उलटसुलट लागतात आणि मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात.
— एक ग्रंथपाल, अंबाजोगाई

उत्तर : यूएसबीच्या मार्गाने फाइल थेट टेपकडे जाते आणि तिचे आवाजात रूपांतर टेप स्वतः करतो. म्हणून मधली खरखर, शिटी, आवाजाची पातळी हे सर्व प्रश्न संपतात. टेपला यूएसबी असेल, तर माझा कल नेहमी त्याकडेच राहील. परंतु टेपला पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तूच वाचता येते. अनेक प्लेअर आणि आजचे अँड्रॉइड मोबाइल संगणकाशी एमटीपी या वेगळ्या पद्धतीने बोलतात आणि साधा टेप ती समजत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबीचा प्रकार एमएससी किंवा मास स्टोरेज असा बदलता येत असेल, तर बदलून पाहावे. तसे न झाल्यास प्लेअर घरीच ठेवून गाणी पेनड्राइव्हवर घ्यावीत. वायर केवळ चार्जिंगची नाही ना, हेही तपासावे. अशा वायरीत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. आयपॉडची गोष्ट निराळी आहे. त्यातील गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरी निरर्थक नावांनी ठेवलेली असतात, त्यामुळे ज्या टेपवर आयपॉड चालेल असे स्पष्ट लिहिले आहे, तोच ती नीट दाखवतो.

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावा. एनटीएफएस आणि एक्सफॅट पद्धतीचे ड्राइव्ह पुष्कळ टेप वाचत नाहीत. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलला मिनिटाला साधारण १ मेगाबाइट लागतो, म्हणजे ८ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवरही शंभराहून अधिक तासांचे पठण मावते. मोठा ड्राइव्ह घेण्यात अर्थ नाही, उलट तो वाचण्यास टेप अधिक वेळ घेतो.

क्रमाचे कारण गमतीचे आहे. साधे टेप नावांची वर्णक्रमाने जुळणी करीत बसत नाहीत; ज्या क्रमाने फाइल ड्राइव्हवर लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने त्या वाजवतात. सर्व फाइल एकदम निवडून ओढल्या की संगणक त्या कोणत्याही क्रमाने लिहू शकतो. म्हणून ड्राइव्ह रिकामा करून, फाइलींना ०१, ०२ ते १८ असे क्रमांक देऊन, एकेक अध्याय क्रमाने टाकावा. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावे लागते. क्रमांकातील सुरुवातीचे शून्य गाळू नये, नाहीतर नावांप्रमाणे लावणाऱ्या टेपमध्ये पहिल्या अध्यायानंतर थेट दहावा लागेल. चौकोनांचे कारण टेपमध्ये देवनागरी अक्षरेच नसणे हे आहे. तेथे नावे रोमन लिपीत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, आणि केवळ फाइलचे नाव बदलून चालणार नाही : फाइलच्या आत गाण्याचे आणि गायकाचे नाव वेगळे नोंदलेले असते, संगणकावर तेही बदलावे लागेल.

प्रश्न : आमच्या उसाच्या ट्रकमध्ये गाण्याचा प्लेअर लावला, तो गाडीचा चार्जर लावताच जळाला. ट्रॅक्टरवर तोच चार्जर व्यवस्थित चालत होता. आता एकजण ट्रकच्या एका बॅटरीवरून वायर घ्या म्हणतो. घ्यावी का?
— ऊस वाहतूकदार, माजलगाव (जि. बीड)

उत्तर : कृपया घेऊ नये. ट्रॅक्टर आणि मोटारी बहुतेक १२ व्होल्टच्या असतात. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. आपला चार्जर केवळ १२ व्होल्टचा असल्यामुळे जळाला आणि जाताना प्लेअरलाही घेऊन गेला. एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेता येतात हे खरे, आणि रस्त्यावर हा उद्योग सर्रास चालतो. परंतु मग ती बॅटरी रोज अधिक रिकामी होते, अल्टरनेटर मात्र दोघींना सारखेच समजून भरतो. परिणामी एक उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाते आणि दोन्ही लवकर जातात. गाण्यासाठी बॅटऱ्यांची जोडी बदलणे परवडणारे नाही. केवळ प्लेअर चार्ज करावयाचा असेल, तर ज्यावर १२–२४ व्होल्ट असे छापलेले आहे तोच चार्जर घ्यावा. १२ व्होल्टचा टेप बसवावयाचा असेल, तर २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावावा, तो टेपला लागणाऱ्या अँपिअरपेक्षा थोडा मोठा असावा, आणि त्याच्या आधी फ्यूज असावा.

ट्रॅक्टरवर धूळ आणि धक्के यांमुळे पिनेची जोडणी फार काळ टिकत नाही, तेथे ब्लूटूथ किंवा पेनड्राइव्ह सोयीचा. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना आवाज किती ठेवावा, याचे माप एकच : मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न चालकाला ऐकू आला पाहिजे.

प्रश्न : नवा टेप बसवल्यापासून गाडी बंद केली की तो घड्याळ, रेडिओचे आकडे आणि ब्लूटूथची जोडणी, सारे विसरतो. दुकानदार टेप बदलून देण्यास तयार नाही.
— वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : टेप बदलण्याची गरज नसावी. टेपच्या पिवळ्या वायरीला बॅटरीची वीज कायम मिळावी लागते, कारण स्मरण तिच्यावर चालते. लाल वायरीला ती चावी फिरवल्यावरच मिळावयाची असते. बसवणाऱ्याने दोन्ही वायरी चावीच्या वायरीलाच जोडलेल्या दिसतात, किंवा त्यांची अदलाबदल झाली आहे. काही गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन जागा मुळातच उलट असतात, तेव्हा बसवणाऱ्याचाच दोष आहे असेही नाही. दहा मिनिटांचे काम आहे. याच्या उलट चूक म्हणजे दोन्ही वायरी कायम विजेला जोडणे. त्यात टेप काही विसरत नाही, पण गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते.

प्रश्न : प्लेअर डॅशबोर्डवरच ठेवलेला चालतो का? हल्ली तो फुगल्यासारखा दिसतो.
— वाचक, परभणी

उत्तर : फुगला असेल तर तो आजच वापरातून काढावा, चार्जिंगला लावू नये, दाबून पाहू नये आणि टोचू तर मुळीच नये. आतील लिथियमची बॅटरी बिघडली आहे. ती बॅटरी बदलणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. आयपॉड बनवणाऱ्या ॲपलने आपल्या अशा उपकरणांसाठी चालू असताना ३५ आणि बंद ठेवताना ४५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा सांगितली आहे. मे महिन्यात परभणीची हवाच ती दुसरी मर्यादा गाठू पाहते, मग उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ती केव्हाच ओलांडतो. प्लेअर खालच्या खणात, सावलीत ठेवावा आणि गाडी उन्हात उभी करताना खिशात घालून न्यावा. तेथेच मागे राहणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये बॅटरी नसते. ज्यांना रोज आठवणीने प्लेअर काढून नेणे जमत नाही, त्यांनी गाडीसाठी पेनड्राइव्हच ठेवावा.